एका सेकंदाला एक नाव

मतदार यादीतली नावे मोठ्याने वाचायची, एका सेकंदाला एक, रात्रंदिवस, मध्ये कुठेही न थांबता. या मापाने दोन याद्या मोजून पाहू. १९२० साली दिल्लीच्या कौन्सिल ऑफ स्टेटसाठी, म्हणजे तेव्हाच्या वरिष्ठ सभागृहासाठी, सगळ्या ब्रिटिश हिंदुस्थानात मिळून मतदार होते १७,३६४. ही यादी सकाळी नऊला वाचायला घेतली तर दुपारी दोनच्या आत संपते. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या यादीत नावे होती १७,३२,१२,३४३. ती वाचून व्हायला साडेपाच वर्षे लागतात.

दोन्ही याद्यांमध्ये अंतर जेमतेम बत्तीस वर्षांचे. निपाणीत किंवा बेळगावात १९०० च्या सुमारास जन्मलेल्या बाईचे आयुष्य या दोन याद्यांच्या मधोमध गेले. विशीत असताना पहिल्या यादीशी तिचा काडीचा संबंध नव्हता. पन्नाशीत आली तेव्हा दुसऱ्या यादीत तिचे नाव होते. ते नाव तिथवर पोचायला काय काय व्हावे लागले, याचा हा हिशेब.

बत्तीस रुपयांचा उंबरठा

बेळगाव जिल्हा तेव्हा मुंबई इलाख्याच्या दक्षिण विभागात होता. निपाणी चिकोडी तालुक्यातले तंबाखूच्या व्यापाराचे गाव. १९२१ च्या खानेसुमारीत जिल्ह्याची लोकसंख्या साडेनऊ लाखांच्या आसपास भरली आणि ब्रिटिश हिंदुस्थानची भरली सुमारे २४ कोटी ७० लाख. कौन्सिल ऑफ स्टेटचे १७,३६४ मतदार या लोकसंख्येवर सारखे वाटले, तर चौदा हजार माणसांमागे एक मतदार पडतो. त्या सरासरीने बेळगावसारख्या जिल्ह्याच्या वाट्याला सत्तरसुद्धा मतदार येत नाहीत. साडेनऊ लाखांत सत्तर!

प्रांतिक कौन्सिलांची यादी त्या मानाने मोठी होती. १९१९ च्या कायद्याने देशभरात पन्नास लाखांच्या आसपास लोकांना प्रांताच्या निवडणुकीत मत मिळाले, म्हणजे शंभरांत दोघांना. ते दोघे कोण, हे शेतसारा ठरवत होता. मुंबई इलाख्याच्या ग्रामीण भागात ज्याच्या जमिनीचा सरकारी आकार वर्षाला निदान ३२ रुपये भरतो तो मतदार. रत्नागिरी आणि पंचमहाल या गरीब जिल्ह्यांत ही अट १६ रुपयांची. जिराईत जमिनीला आकार एकरी रुपयाच्या आगेमागे असे. त्या हिशेबाने मत हवे असेल तर पदरी पंचवीस-तीस एकर तरी हवीत. शहरात घरभाडे आणि प्राप्तिकर हे निकष होते.

आता ही अट गावाला लावून पाहा. पाटील, कुलकर्णी, दोन-चार मोठे खातेदार आणि एखादा सावकार यादीत बसले. पाच एकरांचा कुणबी, वाट्याने कसणारा कूळ, बलुतेदार आणि शेतमजूर बाहेर राहिले. महारवाडा जवळजवळ सगळाच बाहेर, कारण वतनाच्या तुकड्यावर बत्तीस रुपये आकार कुठून येणार? पोस्टाच्या पाकिटावर तिकीट चिकटवावे तशी मतावर किंमत चिकटवलेली होती, आणि ती किंमत ठरवणाऱ्यांना गावातल्या शंभरांपैकी नव्वदहून अधिक लोक मोजायचेच नव्हते.

हे आधीच ओळखून भीमराव आंबेडकर नावाचा प्राध्यापक २७ जानेवारी १९१९ रोजी मताधिकाराची चौकशी करणाऱ्या साउथबरो समितीपुढे साक्षीला उभा राहिला. वय २७. त्याचे म्हणणे सरळ होते. अस्पृश्यांना जमीन घेऊ द्यायची नाही, धंदा करू द्यायचा नाही, आणि मग जमीन नाही म्हणून मत द्यायचे नाही, हा दुहेरी अन्याय आहे. त्यांच्यासाठी अट खाली आणा आणि त्यांचे प्रतिनिधी त्यांनाच निवडू द्या. समितीने ऐकून घेतले. मुंबई कौन्सिलात अस्पृश्यांसाठी जागा ठेवली ती एक, आणि तीही सरकारने नेमायची.

बाईच्या नावावर शेत किती?

स्त्रियांना तर साउथबरो समितीने दारातच अडवले. हिंदुस्थानातली सामाजिक परिस्थिती अजून अनुकूल नाही, असे कारण दिले. शेवटी पार्लमेंटने तो निर्णय प्रांतांवर सोपवला. मुंबई इलाख्यात स्त्रियांच्या मतासाठी जी चळवळ झाली तिच्या पुढे रमाबाई रानडे होत्या, पुण्याच्या सेवासदनाच्या. मद्रासपाठोपाठ १९२१ च्या जुलैत मुंबई कौन्सिलने ठराव केला की केवळ स्त्री आहे म्हणून मत नाकारायचे नाही. १९२३ च्या निवडणुकीत इलाख्यातल्या स्त्रियांनी पहिल्यांदा मत दिले.

दार उघडले, पण उंबरठा बत्तीस रुपयांचाच राहिला. सात-बाऱ्यावर बाईचे नाव लागणार कधी? बहुतेक वेळा नवरा गेल्यावर. मुलगे अज्ञान असतील, भाऊबंदांनी कज्जा केला नसेल, तर विधवा खातेदार होई आणि मग मतदार. सुवासिनीला मत नाही आणि विधवेला आहे, अशी विचित्र अवस्था त्या अटीने आणली. वखारीत तंबाखू निवडणाऱ्या, रोजावर खुरपणीला जाणाऱ्या बाईपर्यंत तर कायद्याचा वाराही पोचला नाही.

न्यू जर्सीच्या १६३ जणी

असेच आधी दुसरीकडे होऊन गेले होते. अमेरिकेने स्वातंत्र्य पुकारले त्याच आठवड्यात, २ जुलै १७७६ रोजी, न्यू जर्सी प्रांताने आपली राज्यघटना मंजूर केली. मतदार कोण, याचे उत्तर तिने असे दिले: वयात आलेला, आपल्या परगण्यात एक वर्ष राहिलेला आणि पन्नास पौंडांची मालमत्ता असलेला प्रत्येक रहिवासी. पुरुष, गोरा असे शब्द त्यात नव्हतेच. त्यामुळे पन्नास पौंड बाळगणाऱ्या अविवाहित स्त्रिया, विधवा आणि गुलामीतून मोकळे झालेले कृष्णवर्णीय मत देऊ लागले. विवाहितेची मालमत्ता कायद्याने नवऱ्याची होई, म्हणून ती बाहेर. पुढच्या कायद्यात तर मतदाराचा उल्लेख ‘तो किंवा ती’ असा स्पष्टच आला.

हे तीस वर्षे चालले. मग पक्षापक्षांत चुरस वाढली. १८०७ मध्ये एसेक्स परगण्यात न्यायालयाची इमारत कुठे बांधायची यावर मतदान झाले. त्यात पुरुषांनी बायकांचे कपडे घालून पुन्हा पुन्हा मते टाकली, असा बोभाटा झाला. लबाडी पुरुषांची, पण शिक्षा झाली स्त्रियांना आणि कृष्णवर्णीयांना. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात विधिमंडळाने कायदा केला की मत फक्त गोऱ्या पुरुषाला.

फिलाडेल्फियाच्या अमेरिकन क्रांतीच्या संग्रहालयातल्या संशोधकांनी १८०० ते १८०७ या काळातल्या जुन्या मतदान याद्या धुंडाळल्या, तेव्हा त्यांत स्त्रियांची १६३ नावे हाती लागली. एका सेकंदाला एक या मापाने तीन मिनिटांत संपणारी यादी. पण गेलेले मत परत मिळायला लागली ११३ वर्षे. अमेरिकेत स्त्रियांना देशभर मत मिळाले १९२० मध्ये. दक्षिणेतल्या कृष्णवर्णीयांना १८७० च्या घटनादुरुस्तीने कागदावर मत होते, पण मतदानाचा कर, वाचता येते का याच्या परीक्षा आणि उघड दहशत यांनी ते १९६५ पर्यंत दाबून ठेवले.

मालमत्तेच्या जोरावर मिळालेला हक्क किती कच्चा असतो, हे न्यू जर्सीने दाखवले. तो मेहेरबानी म्हणून मिळतो आणि खप्पामर्जी झाली की जातो.

निपाणी, एप्रिल १९२५

डिसेंबर १९२४ मध्ये बेळगावात काँग्रेसचे अधिवेशन भरले. महात्मा गांधी अध्यक्ष झाले ते याच एका अधिवेशनात, म्हणून बेळगावचे नाव देशभर झाले. त्यानंतर चारच महिन्यांनी, पाऊणशे किलोमीटरवर, निपाणीत दुसरी एक परिषद भरली. मुंबई इलाखा प्रांतिक बहिष्कृत परिषदेचे हे तिसरे अधिवेशन. अध्यक्ष होते बॅरिस्टर आंबेडकर, वय ३३. साउथबरो समितीपुढे एकट्याने बोललेला माणूस आता ज्यांच्यासाठी बोलला त्यांच्यापुढे उभा होता. समोर बसलेल्यांपैकी मतदार यादीत नाव असलेले शोधून काढावे लागले असते.

मत नसलेले लोक परिषद भरवतात, ठराव करतात, मुलांसाठी वसतिगृहे मागतात, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. मत मिळण्याआधीच त्यांनी नागरिकाचे काम सुरू केले होते. १९२८-२९ मध्ये सायमन कमिशनच्या निमित्ताने आंबेडकरांनी मागणी पुढे नेली: आता अट खाली आणणे पुरे, प्रत्येक प्रौढाला मत द्या. त्या काळी भल्याभल्यांना ही मागणी अव्यवहार्य वाटत होती.

१९३५ च्या कायद्याने यादी वाढली. देशात ३ कोटी १ लाख मतदार झाले, त्यात स्त्रिया ४२ लाख ५० हजार. सगळी यादी वाचायला आता साडेअकरा महिने लागले असते, आणि त्यातली स्त्रियांची नावे ४९ दिवसांत संपली असती. नवऱ्याच्या मालमत्तेवर पत्नीला किंवा विधवेला आणि लिहिता-वाचता येणाऱ्या बाईला मत मिळू लागले. १९३७ मध्ये प्रत्यक्ष मत दिले ते ९ लाख १७ हजार स्त्रियांनी, म्हणजे हक्क असलेल्या पाच जणींपैकी एकीने. मुंबई विधानसभेच्या १७५ जागांपैकी स्त्रियांसाठी ६ आणि पुणे करारानुसार अस्पृश्यांसाठी १५ राखीव होत्या.

याच निवडणुकीत निपाणीचे बळवंत हणमंत वराळे आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षाकडून बेळगाव जिल्ह्यातून निवडून आले. पक्षाने उभे केलेल्या १७ जणांपैकी १४ जिंकले. मतदारांत दलित थोडे असताना हे जमले कसे? मुंबई इलाख्यात राखीव जागा असलेल्या मतदारसंघांत जितक्या जागा तितकी मते प्रत्येक मतदाराला मिळत, आणि ती सगळी एकाच उमेदवाराच्या पारड्यात टाकायची मुभा होती. थोड्या लोकांनी आपली मते विखरू दिली नाहीत. निपाणीच्या परिषदेला तेव्हा बारा वर्षे झाली होती. त्याच वराळे कुटुंबातले, निपाणीत जन्मलेले प्रसन्न वराळे जानेवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले.

१९५२: किंमत शून्य

मग राज्यघटना आली. कलम ३२६ ने शेतसारा, घरभाडे, शिक्षण, जात, लिंग हे सगळे निकष एका फटक्यात बाजूला केले. तेव्हा वय २१ पूर्ण असले की झाले. १९५१ च्या जनगणनेत देशात साक्षर होते शंभरात १८ आणि स्त्रियांमध्ये शंभरात नऊसुद्धा नव्हते. अशा देशात १७ कोटी ३२ लाख लोकांच्या हाती मत दिले गेले.

या कामाचा पसारा आकड्यांतच पाहावा. यादी टंकलिखित करायला १६,५०० कारकून सहा महिन्यांच्या करारावर घेतले. कागद लागला ३ लाख ८० हजार रिमे. मतदान केंद्रे २ लाख २४ हजार. पोलादी मतपेट्या वीस लाखांच्या वर, त्यांना पोलाद लागले ८,२०० टन. त्यांपैकी बारा लाखांहून अधिक पेट्या मुंबईत विक्रोळीला गोदरेजच्या कारखान्यात तयार झाल्या. मतपत्रिका छापल्या नाशिकच्या सरकारी छापखान्यात, आकार एक रुपयाच्या नोटेएवढा.

पेट्या इतक्या का लागल्या, हे केंद्रात शिरले की कळे. प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी आणि तिच्यावर त्याचे चिन्ह चिकटवलेले. बाई आत येई. नाव तपासले जाई, बोटाला शाई लागे, हातात नोटेएवढा कागद मिळे. मग ती आडोशामागे एकटीच जाई. समोर ओळीने पेट्या: एकीवर बैलजोडी, एकीवर हत्ती. शिक्का मारायचा नाही, लिहायचे नाही. हवी ती पेटी ओळखायची आणि कागद तिच्या फटीत सोडायचा. घरातला पुरुष, गावचा पाटील, वखारीचा मालक यांच्यापैकी कुणीही त्या आडोशामागे येऊ शकत नव्हते. शंभरात नव्वद जणी निरक्षर असताना मत गुप्त राहील अशी ही सोय होती.

आणि तरीही स्त्रियांची २८ लाख नावे त्या यादीतून गळाली. नाव विचारायला आलेल्या माणसाला कित्येक जणींनी आपले नाव सांगितलेच नाही. अमक्याची आई, तमक्याची बायको, एवढेच. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी ठाम भूमिका घेतली की मतदाराला स्वतःचे नाव असलेच पाहिजे, नाते चालणार नाही. अशी बहुतेक नावे बिहार, उत्तर प्रदेश, मध्य भारत, राजस्थान आणि विंध्य प्रदेशातली. २८ लाख म्हणजे किती? २०११ च्या जनगणनेत सगळ्या बेळगाव जिल्ह्यात स्त्रिया होत्या साडेतेवीस लाख, तान्ह्या मुली धरून. त्या सगळ्या यादीतून पुसल्या तरी २८ लाख भरत नाहीत. पुढच्या निवडणुकीपर्यंत बायकांनी नावे सांगावीत म्हणून मोहीम घ्यावी लागली.

त्या निवडणुकीत देशभर १० कोटी ५९ लाख मते पडली. ज्यांनी प्रौढ मताधिकार पहिल्यापासून लावून धरला ते बाबासाहेब मुंबईत १४,५६१ मतांनी हरले. हरणारा आणि जिंकणारा दोघेही अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजांतले होते, आणि त्यांचा फैसला बत्तीस रुपयांच्या खातेदारांनी केला नव्हता.

त्या वर्षी जगात दुसरीकडे काय होते तेही पाहिले पाहिजे. निपाणीच्या वखारीत तंबाखू निवडणाऱ्या दलित बाईने १९५२ मध्ये मालकाएवढेच एक मत दिले. अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यात १९६४ मध्येसुद्धा मतदानाच्या वयाच्या शंभर कृष्णवर्णीयांपैकी सातांचीही नावे यादीत नव्हती. १९६५ चा मताधिकार कायदा झाला आणि १९६७ पर्यंत तिथे हे प्रमाण साठाच्या घरात गेले. दीडशे वर्षांच्या लोकशाहीला जे जमले नव्हते ते दोन वर्षांच्या प्रजासत्ताकाने करून दाखवले होते.

४५६ उमेदवार

१ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला आणि चंदगड तालुका मुंबई राज्यात राहिला. मत तेच, राज्य बदलले. १९५७ मध्ये बेळगाव, निपाणी, खानापूर इथल्या मराठी मतदारांनी महाराष्ट्र एकीकरण समितीच्या बाजूचे उमेदवार निवडून देऊन महाराष्ट्रात जायचे हे आपले म्हणणे नोंदवले. १९६७ मध्ये या सीमाप्रश्नावर नेमलेल्या महाजन आयोगाचा अहवाल आला: २६४ गावे महाराष्ट्राला, २४७ म्हैसूरला. महाराष्ट्राचा दावा ८६५ गावांचा आहे आणि २००४ पासून तो सर्वोच्च न्यायालयात आहे.

वर्षानुवर्षे मत देऊनही प्रश्न जागचा हलत नाही, तेव्हा सीमाभागाने आकड्याचेच हत्यार केले. १९९६ च्या लोकसभा निवडणुकीत बेळगाव मतदारसंघातून उमेदवार उभे राहिले ४५६! त्या वर्षी देशाची सरासरी होती मतदारसंघामागे सुमारे २६. आजच्या मतदान यंत्राला ‘नोटा’ (वरीलपैकी कोणीही नाही) धरून जास्तीत जास्त ३८४ नावे जोडता येतात, म्हणजे बेळगावची ती यादी आजच्या यंत्रातही मावली नसती. तेव्हा अनामत होती ५०० रुपये. त्याच वर्षी ती १०,००० झाली आणि आता २५,००० आहे. मतदाराच्या वाटेतला रुपयांचा उंबरठा घटनेने काढला. उमेदवाराच्या वाटेतला मात्र वाढत गेला, हे विसरून चालणार नाही.

आजची यादी

२०२४ मध्ये देशाच्या यादीत ९७ कोटी ९७ लाख नावे होती. एका सेकंदाला एक वाचायला बसलो तर ३१ वर्षे लागतील. त्या निवडणुकीत मत देणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण ६५.७८ टक्के होते आणि पुरुषांचे ६५.५५. पाचांतली एक या १९३७ च्या हिशेबापासून स्त्रिया इथवर आल्या.

सीमाभागात त्या उमेदवार म्हणूनही पुढे आल्या. निपाणीतून शशिकला जोल्ले २०१३ पासून सलग तीनदा विधानसभेवर गेल्या. बेळगाव ग्रामीणमधून लक्ष्मी हेब्बाळकर दोनदा, २०२१ च्या लोकसभा पोटनिवडणुकीत बेळगावातून मंगला अंगडी, २०२४ मध्ये चिकोडीतून प्रियांका जारकीहोळी. पक्ष वेगवेगळे, पण सगळ्या याच जिल्ह्यातल्या. मात्र कर्नाटक विधानसभेच्या २२४ जागांवर २०२३ मध्ये निवडून आलेल्या स्त्रिया दहाच, आणि त्यांतल्या दोघी एकट्या बेळगाव जिल्ह्याच्या. मत देणाऱ्यांत अर्ध्या आणि निवडून येणाऱ्यांत विसात एक, हे प्रमाण कुठल्याही लोकशाहीला शोभणारे नाही.

सीमाभागातल्या घरांना एक कळकळीचे सांगणे आहे. आपल्या सोयरिकी सीमा ओलांडून होतात. कागल, गडहिंग्लज, चंदगडची मुलगी निपाणीला, खानापूरला, बेळगावला सून होऊन येते आणि इकडची तिकडे जाते. लग्नात नाव बदलते, पत्ता बदलतो, राज्य बदलते. मतदार यादीतले नाव मात्र माहेरच्या गावी पडून राहते आणि पुढे कधीतरी तिथूनही निघते. मग सासरी शिधापत्रिका होते, बँकेचे खाते होते, पण मतदानाच्या दिवशी ती घरीच बसते. कुणी बंदी घातलेली नसताना तिचे मत जाते. पत्ता बदलल्याचा अर्ज क्रमांक ८ भरला की एका राज्यातले नाव दुसऱ्या राज्यात नेता येते. अठरा पूर्ण झालेल्या मुलीसाठी अर्ज क्रमांक ६ आहे. दोन्ही विनामूल्य आहेत आणि शंका असेल तर १९५० या क्रमांकावर फोन करता येतो. पुढच्या निवडणुकीची वाट न पाहता या आठवड्यातच घरातल्या प्रत्येक बाईचे नाव यादीत तिच्या स्वतःच्या नावाने आहे का ते बघा, आणि नसेल तर अर्ज भरा.